भांडणात कॅमेरा कुणावर ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायकोच्या भांडणावर एक लघुपट केला आहे. दोघंही कसलेले नट, संवाद घरातल्यासारखे, चित्रीकरण चालू असताना सेटवरची माणसं श्वास रोखून उभी होती. एडिटला लावल्यावर मात्र नुसता आरडाओरडा वाटतो. मग सिनेमातली काही भांडणं वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत, ती कशामुळे?

मी संकलक आहे आणि भांडणाचे प्रसंग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा पसरट उत्तर देते. तुमचं फुटेज मी पाहिलेलं नाही. पण सेटवर जिवंत असलेलं भांडण संकलनाच्या टेबलावर येऊन मरतं तेव्हा मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासते: जो बोलतोय, त्याच्यावरच चित्र आहे का? नवऱ्याचं वाक्य, नवऱ्याचा क्लोजअप. बायकोचं वाक्य, बायकोचा क्लोजअप. असं लावलं की प्रेक्षकाला दोन रागावलेली माणसं आलटून पालटून दिसतात. कुठला शब्द लागला, कुठला नुसताच वरून गेला, हे दिसतच नाही. सेटवर उभ्या असलेल्यांना ते दिसत होतं, कारण त्यांची नजर मोकळी होती आणि ती आपसूक ऐकणाऱ्याकडे जात होती.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. आपले बरेचसे चांगले नट रंगभूमीवरून येतात, लेखकही तिथूनच येतात. नाटकात दोघंही सतत समोर असतात. कुणाकडे बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. सिनेमात ते आपण ठरवतो. नाटकातला संवाद जसाच्या तसा घेतला आणि चित्र बोलणाऱ्याच्या मागे धावत ठेवलं, तर ऐकणारा नट प्रेक्षकापासून आपणच हिरावून घेतलेला असतो.

‘१२ अँग्री मेन’ (१९५७) घ्या. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. सिनेमा बहुतांश एका खोलीत घडतो: उकाड्याचा दिवस, बारा ज्युरर (खटल्याचा निकाल देणारे साधे नागरिक), खुनाच्या आरोपातल्या एका मुलाचं जगणं-मरणं त्यांच्या हातात. तासाभराहून जास्त नुसता वाद. बासू चॅटर्जींनी १९८६ मध्ये हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ केला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पंकज कपूर आणि के. के. रैना यांची त्यातली खडाजंगी आजही पाहावी अशी आहे. मला बोलायचं आहे ते मूळ सिनेमातल्या एका प्रसंगाबद्दल. दहा नंबरचा ज्युरर उठतो आणि ‘ही झोपडपट्टीतली माणसं असलीच असतात’ या थाटात बडबड सुरू करतो. आवाज चढत जातो. दुसऱ्या कुणी हा प्रसंग त्याच्या क्लोजअपवर कापला असता, घाम, थुंकी, लाल डोळे. ल्युमेट तसं करत नाहीत. चित्र लांबून आहे, खोली दिसते आहे, आणि त्या खोलीत एकेक माणूस टेबलावरून उठतो आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. कुणी उलट उत्तर देत नाही. तो बोलतोय, हातवारे करतोय, ‘ऐका ना माझं’ म्हणून आर्जव करतोय, आणि ऐकणारे कमी कमी होत चाललेत. शेवटी ज्याला तो आपल्या बाजूचा समजत होता तोच थंडपणे त्याला सांगतो की बस आणि पुन्हा तोंड उघडू नकोस. माणूस कोसळलेला आपल्याला दिसतो तो बाकीच्यांच्या पाठींमुळे. त्याचे शब्द कुणाला आठवत नाहीत, पाठी सगळ्यांना आठवतात.

याच सिनेमाची आणखी एक गोष्ट आम्हा मंडळींमध्ये नेहमी सांगितली जाते. ल्युमेट आणि छायाचित्रकार बोरिस कॉफमन यांनी लेन्सचा आराखडा आधीच ठरवला होता. कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वरून, मधला नजरेच्या पातळीवर, शेवटचा खालून. जसजसा सिनेमा पुढे जातो तसतशा जास्त फोकल लेंग्थच्या, म्हणजे मागचं पुढे ओढून आणणाऱ्या लेन्स. परिणाम असा की भिंती जवळ येतात, शेवटी छतसुद्धा डोक्यावर येतं. प्रेक्षकाला कारण कळत नाही, गुदमरायला मात्र होतं. ल्युमेट यांनी स्वतःच्या पुस्तकात हे सविस्तर लिहिलं आहे. त्यांनी हेही सांगितलंय की पैसे आणि वेळ वाचवायला खोलीची एक बाजू प्रकाशली की त्या बाजूचे सगळे शॉट एकदमच उरकले जायचे. त्यामुळे ली जे. कॉब आणि हेन्री फोंडा यांच्या एकाच भांडणातली दोन माणसं वेगवेगळ्या दिवशी टिपली गेली. तरी भांडण एकसंध वाटतं, कारण कॅमेरा लावण्याआधी दोन आठवडे तालीम झाली होती. समोरचा कसा बोलणार आहे, कुठे थांबणार आहे, हे प्रत्येकाच्या कानात बसलेलं होतं. ऐकण्याची तालीम झाली होती, असं मी म्हणेन. आपल्याकडे लघुपटाच्या तालमीत नट आपापली वाक्यं पाठ करतात. समोरच्याची वाक्यं पाठ हवीत, निदान कानाला तरी.

आता घरचं उदाहरण. ‘दीवार’ (१९७५), दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. पुलाखालचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, ‘मेरे पास माँ है’. त्याचं श्रेय लोक एकट्या त्या वाक्याला देतात. माझ्या मते ते वाक्य चालतं कारण त्याच्या आधी अमिताभची यादी आहे: इमारती, मालमत्ता, बँकेतला पैसा, बंगला, गाडी. यादी ऐकत शशी कपूर उभा आहे. त्याला मध्ये तोडायची घाई नाही, तो बचाव करत नाही. यादी जितकी लांबते तितकं आपलं लक्ष या गप्प उभ्या माणसाकडे जातं की हा आता काय बोलणार. मग चार शब्द येतात. ‘मेरे पास माँ है’ हे वाक्य लिहिणं अवघड होतंच, पण त्याआधी शशी कपूरला इतका वेळ गप्प ठेवण्याची हिंमत मला जास्त मोठी वाटते.

त्याच सिनेमातला त्याआधीचा प्रसंग मला याहून श्रेष्ठ वाटतो. रवी (शशी कपूर) कागद पुढे करतो, गुन्ह्यांच्या कबुलीवर सही कर म्हणतो. विजय, म्हणजे अमिताभ, म्हणतो, मी सही करीन, पण ‘जाओ पहले उस आदमी का साइन लेके आओ’, ज्याने माझ्या बापाला चोर म्हटलं, ज्याने माझ्या आईला कामावरून काढलं, ज्याने माझ्या हातावर ‘माझा बाप चोर आहे’ असं गोंदलं. प्रेक्षक विजयच्या बाजूला गेलेला असतो. रवी काहीही बोलला तरी तो पुस्तकीच वाटणार. पण खोलीत तिसरं माणूस आहे: आई. इतका वेळ ती ऐकते आहे. आणि बाजी पलटते ती तिच्या बोलण्याने, ज्याचा गाभा असा की हातावर गोंदणारा तुझा कोणी नव्हता रे, तू तर माझा मुलगा होतास, मग तू माझ्या कपाळावर का लिहिलंस. विजयचं सगळं भाषण ज्या जखमेवर उभं होतं, तीच जखम आई त्याच्याकडे परत करते. दोघांच्या भांडणात ऐकणारा तिसरा असला की लेखकाला केवढी ताकद मिळते, ते इथे बघावं. तुमच्या लघुपटात मूल आहे का घरात? सासू? शेजारच्या खोलीत टीव्ही बघणारं कुणी? असेल तर त्याचे शॉट शोधा.

तिसऱ्या माणसाचे शॉट म्हणजे मालिकेतल्यासारखे नव्हेत, हे आवर्जून सांगते. आपल्या मालिकांमध्ये एक वाक्य पडलं की काकू, आत्या, नणंद, वहिनी अशा ओळीने सगळ्यांच्या तोंडांवर चित्र जातं आणि प्रत्येकीवर ढोल वाजतो. त्यात ऐकणं नाही. ते चेहरे आधीच ठरलेले असतात: हा धक्का, हा राग, हा कुत्सितपणा. ऐकणारा चेहरा शॉट चालू असताना बदलतो. वाक्याच्या सुरुवातीला एक असतो, शेवटी दुसरा. तुमच्या रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ फुटेजमध्ये, असे बदलणारे तुकडे शोधून काढणं हेच खरं काम आहे, आणि ते बहुधा टेकच्या मधल्या, ‘काही घडत नाही’ म्हणून बाजूला टाकलेल्या भागात सापडतात.

मराठीत ‘सामना’ आहेच. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव, म्हणजे गावचा सर्वेसर्वा, आणि श्रीराम लागूंचा मास्तर यांच्यातला झगडा हा रूढ अर्थाने भांडण नाहीच. एक जण पाहुणचार करतो, दारू पाजतो, आपल्या साम्राज्याचा तोरा दाखवतो. दुसरा पितो, बरळतो आणि गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नात नवी माहिती काही नसते. तरी दर वेळी तो वेगळा ऐकू येतो, कारण दर वेळी निळू फुल्यांचा चेहरा त्याला वेगळं उत्तर देतो. आधी दुर्लक्ष, मग करमणूक, मग सावधपणा, मग भीती. प्रश्न तोच ठेवून ऐकणारा बदलत नेणं, हे तेंडुलकरांचं कौशल्य आणि निळूभाऊंचं त्याहून मोठं. महाराष्ट्रात तो प्रश्न सिनेमा न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहे, राजकारणाच्या बातम्यांमध्ये तर सर्रास.

आवाज न चढवता केलेली भांडणं मला व्यक्तिशः जास्त भिडतात. १९८२ मध्ये दोन सिनेमे आले, महेश भट्ट यांचा ‘अर्थ’ आणि जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’. दोन्हीत स्मिता पाटील. ‘अर्थ’मधला पार्टीतला प्रसंग, शबाना आझमी प्यायलेल्या अवस्थेत सगळ्यांसमोर नवऱ्याचे आणि त्याच्या मैत्रिणीचे वाभाडे काढते, तो प्रसिद्ध आहे आणि योग्यच आहे. पण सिनेमाचं खरं भांडण शेवटी आहे. नवरा परत आलाय, माफी मागतोय. शबाना शांतपणे विचारते, मी हेच केलं असतं आणि अशीच परत आले असते, तर तू मला घरात घेतलं असतंस? तो खरं बोलतो: नाही. संपलं. ‘उंबरठा’च्या शेवटाकडे सुलभा (स्मिता पाटील) घरी परतते आणि नवरा, म्हणजे गिरीश कर्नाड, दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधाबद्दल अगदी समजूतदार माणसाच्या सुरात सांगतो. त्याच्या त्या समंजस आवाजाची मला चीड येते आणि तीच त्या प्रसंगाची ताकद आहे. दोन्ही ठिकाणी आवाज साधे ठेवल्यामुळे ऐकणाऱ्या बाईचा चेहरा वाचायला आपल्याला जागा मिळते. ओरडणाऱ्या माणसाशेजारी असं बारीक काही वाचता येत नाही.

असगर फरहादींचा इराणी सिनेमा ‘अ सेपरेशन’ (२०११) या सगळ्याला एका अंगाने टोकाला नेतो. पहिलाच प्रसंग: नवरा आणि बायको शेजारी शेजारी बसलेत, घटस्फोटाचा अर्ज, आणि दोघं सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोलतायत. न्यायाधीशाचा फक्त आवाज. कट नाही. म्हणजे ऐकणाऱ्याच्या खुर्चीत आपल्यालाच बसवलंय. बायको म्हणते, तुझ्या वडिलांना तू त्यांचा मुलगा आहेस हे तरी कळतं का? तो म्हणतो, ते माझे वडील आहेत हे मला कळतं. दोघांचंही पटतं, आणि निकाल द्यायची पाळी आपल्यावर येते. इथे रिअॅक्शन शॉट लावायचा प्रश्नच नाही, रिअॅक्शन प्रेक्षकाची आहे. याच्या उलट चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). वृद्ध लोकशाहीरावर खटला चालू आहे, सरकारी वकील कलमं वाचून दाखवते आहे, चित्र लांबून, स्थिर. युक्तिवाद चालू आहे आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही, म्हणून क्लोजअपही नाही. हा निर्णय सौंदर्याचा नाही, आशयाचा आहे.

नटांच्या खऱ्या प्रतिक्रिया मिळवायच्या म्हणून त्यांना अंधारात ठेवण्याची एक पद्धत आहे. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ (१९७९) मधला हॉटेलातला प्रसंग तिचा दाखला म्हणून सांगितला जातो: डस्टिन हॉफमनने वाइनचा ग्लास भिंतीवर फेकला, कॅमेरामनला सांगून ठेवलं होतं, मेरिल स्ट्रीपला नाही. तिचं दचकणं खरं आहे. माझं मत विचाराल तर हे करू नका. एक तर समोरच्या कलाकाराला इजा होऊ शकते आणि विश्वास जातो तो जातोच. शिवाय दचकणं हा सगळ्यात उथळ प्रकार आहे. मेरिल स्ट्रीपसारख्या अभिनेत्रीला त्या सिनेमात ऐकताना बघावं, विशेषतः कोर्टात साक्ष चालू असताना. ते कुणी फसवून मिळवलेलं नाही.

आता ओव्हरलॅपचा, म्हणजे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य पडण्याचा मुद्दा. घरातलं भांडण तसंच असतं. जुन्या हिंदी-मराठी सिनेमात ते फारसं आढळत नाही, कारण कॅमेऱ्यांचा आवाज व्हायचा आणि संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. वाक्यं सुटी सुटी, मध्ये जागा. सलीम-जावेद यांच्या संवादांची लय त्या जागेतच बसते. ‘लगान’ (२००१) नंतर मोठ्या सिनेमांमध्ये सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाबरोबरच टिपलेला आवाज, रुळत गेला आणि बोलणं एकमेकांत मिसळू लागलं. नव्या लेखकांना वाटतं, नटांना मोकळं सोडलं की ओव्हरलॅप आपोआप येईल. नोआ बॉमबॅक यांचा ‘मॅरेज स्टोरी’ (२०१९) बघा. रिकाम्या फ्लॅटमधलं अॅडम ड्रायव्हर आणि स्कार्लेट जोहान्सन यांचं ते लांब भांडण इतकं उत्स्फूर्त वाटतं की लोकांना ते सेटवर सुचलेलं वाटतं. प्रत्यक्षात ते शब्दन् शब्द लिहिलेलं होतं, कुणी कुणाला कुठे तोडायचं हेसुद्धा. सुरुवात सभ्य बोलण्याने होते. मग एकेक जुनी जखम वर येते, आणि तो तिच्या मरणाची इच्छा बोलून दाखवतो. तिथे प्रसंग संपत नाही. तो स्वतःच्याच शब्दांनी खचून खाली कोसळतो आणि ती त्याच्याजवळ जाते. स्वतःचं वाक्य स्वतःलाच ऐकू येण्याचा हा क्षण मला त्या सिनेमातला सर्वोत्तम क्षण वाटतो. तिथे ऐकणारा आणि बोलणारा एकच आहे.

तुमच्या फुटेजकडे येते. ओव्हरलॅप क्लोजअपमध्येच रेकॉर्ड झाला असेल, म्हणजे बायकोच्या क्लोजअपवर नवऱ्याचा आवाज चढलेला असेल आणि दोघांच्या आवाजाचे ट्रॅक वेगळे नसतील, तर कट करायला जागाच उरत नाही. तिथे मास्टर शॉट (सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा) किंवा टू-शॉट (दोघंही दिसणारा) वापरा आणि लांब ठेवा. पुढच्या वेळी दोन्ही नटांना वेगवेगळे लेपल माइक (कपड्यावर अडकवायचे छोटे माइक) लावा, जमलं तर दोन कॅमेरे एकाच वेळी चालवा. तेही जमत नसेल तर क्लोजअपच्या टेकमध्ये चित्राबाहेरच्या नटाला वाक्य न तोडता बोलायला सांगा, ओव्हरलॅप आपण टेबलावर करू. आणि त्या खोलीची निव्वळ शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. ती नसेल तर वाढवलेल्या प्रत्येक पॉजमध्ये आवाज तुटतो.

मग एक प्रयोग करा. पूर्ण प्रसंग नव्याने लावा, आणि या वेळी चित्र फक्त ऐकणाऱ्याचं. नवरा बोलतोय, चित्र बायकोवर. ती बोलतेय, चित्र त्याच्यावर. तसाच ठेवायचा नाही, पण बघताना लगेच कळेल की कुठे बोलणाऱ्याकडे जावंसं वाटतं. त्याच ठिकाणी जा, आणि जाताना आवाज आधी येऊ द्या, चित्र मागून. वाक्याच्या शेवटी कट करायची सवय मोडा. वाक्याच्या मध्यावर, जो शब्द लागणार आहे त्याच्या किंचित आधी, ऐकणाऱ्यावर या. क्लोजअप जपून वापरा. पहिल्या मिनिटातच डोळे भरून दाखवलेत तर शेवटी जवळ जायला काही शिल्लक राहत नाही.

पार्श्वसंगीत काढून टाका, निदान पहिल्या कटपुरतं. संगीत असलं की संकलकाला आपला प्रसंग चालतोय असं वाटतं, आणि नक्की कुठे अडतंय ते झाकलं जातं. आवाज पूर्ण बंद करूनही एकदा बघा: दोघांमधलं पारडं कुठे झुकलं, ते मुक्या चित्रावरून कळायला हवं. कळत नसेल तर शॉटचा क्रम चुकलाय, अभिनय नाही.

एवढं करूनही ऐकणाऱ्याचे तुकडे कमी पडले तर ‘अॅक्शन’च्या आधीचं आणि ‘कट’नंतरचं फुटेज तपासा. सहायकांनी ते डिलीट केलं नसेल तर बरं. नट वाक्य संपवून समोरच्याकडे बघत उभा असतो, दिग्दर्शकाचा आवाज अजून यायचा असतो, अशा दोन-तीन सेकंदांत मला अनेकदा प्रसंगाचा हवा तो चेहरा मिळालेला आहे. तिथेही नसेल तर बायकोच्या बाजूचा एक शॉट पुन्हा घ्या. नवऱ्याच्या नटाला कॅमेऱ्यामागे उभं करून सगळी वाक्यं पुन्हा पूर्ण ताकदीने बोलायला लावा आणि तिला सांगा, तुला काहीही बोलायचं नाही.